मॅट्रेसचं माहेर

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागायचं. अकोल्याच्या ताजनापेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातली रस्त्याकडची खोली दुकानाची, आणि तिथे अब्बा दिवसभर कापूस पिंजत असायचे. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा बसला की तँय् तँय् असा आवाज निघायचा. तो भिंतीतून जायचा, फळीवरच्या ताटवाट्यांतून जायचा, आमच्या दातांतूनसुद्धा जायचा. कापसाचे तंतू तर कुठे नसायचे! अम्मीच्या खट्ट्या डाळीत, अंबाडीच्या भाजीत, पाण्याच्या मडक्यावर, माझ्या दोन्ही वेण्यांत. वर्गात माझ्या शेजारी बसणारी कुंदा रोज प्रार्थनेच्या वेळी माझ्या केसांतून कापूस वेचायची आणि म्हणायची, "शमीम, तू तं आत्ताच म्हातारी होऊन राहिली व!" अजूनही उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटून कापूस उडायला लागला की माझा हात आपोआप डोक्याकडे जातो. आता तिथे खरोखरच पांढरे केस आहेत, हा भाग वेगळा.

आम्ही घरात उर्दू-हिंदी बोलायचो, दुकानात अब्बा गिऱ्हाइकांशी अस्सल वऱ्हाडी बोलायचे, आणि मी मराठी शाळेत जायचे. नात्यातल्या काही लोकांना ते पसंत नव्हतं. अब्बांचं म्हणणं सरळ होतं. गादी भरायला येणारा माणूस मराठीत भाव करतो, कचेरीतला कागद मराठीत येतो, मग पोरीनं मराठी शिकायला नको? तीन भाषा अशा सहज तोंडात आल्या, पण चौथीने मला रडवलं. पाचवीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आठवीपर्यंत मी त्यात दर वर्षी कशीबशी पास होत आले. एका अक्षराचे चार आवाज आणि एका आवाजाची चार अक्षरं; लिहिलेलं काही बोलायचं नाही आणि बोललेलं काही लिहायचं नाही. मला वाटायचं, ही भाषा आपल्याला मुद्दाम फसवायलाच बनवली आहे.

नववीला आम्हाला वानखडे सर आले. ते भातकुलीकडचे. उंच, काळेसावळे, हसले की सगळे दात दिसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. फळ्यावर इंग्रजीत एक शब्द लिहिला: 'बँगल'. आणि विचारलं, "पोरीहो, ह्या शब्दाचं माहेर कोनतं?" शब्दाला माहेर असतं हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. कोणी लंडन म्हणालं, कोणी अमेरिका. सर म्हणाले, "हातं वर करा." आम्ही चाळीस जणींनी हात वर केले. "आता आपल्या मनगटाकडे पाहा. बांगडी! तुमची बांगडी जहाजात बसून विलायतेले गेली अन् बँगल होऊन वापस आली. तुमी तिलेच भेऊन राहिल्या!" वर्गात जो किणकिणाट झाला तो मला अजून ऐकू येतो.

मग तर सरांनी आम्हाला नादच लावला. खाटेची कॉट झाली, लूट जशीच्या तशी गेली, चंपीचा शॅम्पू झाला, आपल्या नारंगीची ऑरेंज झाली. विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा. ब्रेकफास्ट म्हणजे उपास सोडणं. अलोन म्हणजे ऑल वन, सगळं मिळून एकच, म्हणून एकटं. प्रत्येक शब्द फोडला की आत काहीतरी निघायचं, आणि एकदा ते पाहिलं की स्पेलिंग विसरता येत नसे. यमकांचाही खेळ चालायचा. सर एक शब्द टाकायचे, आम्ही त्याचं यमक परत टाकायचं. 'फूड'शी 'गुड' जुळत नाही, 'गुड'शी 'ब्लड' जुळत नाही, तिघांचं लिहिणं सारखंच असूनही. कुंदाचा कान गाणारीचा होता, ती कधी चुकायची नाही. मी यमकात कच्ची, पण माहेर शोधण्यात माझा हात कोणी धरत नसे. सरांजवळ एक जाड शब्दकोश होता. रद्दीच्या दुकानातून आणलेला, पाठ उसवलेली, आणि त्यातली एम आणि एनची पानं गायब. त्या अक्षरांचा शब्द निघाला की सर हात जोडून म्हणायचे, "हा इलाखा आपल्या हद्दीभाईर हाय."

एके दिवशी त्यांनी सांगितलं की 'कॉटन' हा शब्द अरबी 'कुत्न'वरून आला. मी शाळा सुटल्यावर धावत घरी आले आणि दप्तरही न ठेवता ओरडले, "अब्बा, कॉटन अपना है!" पिंजण थांबलं. ते भर दिवसा थांबलं की शेजारची माणसं काय झालं म्हणून डोकावायची, इतकं ते थांबत नसे. अब्बांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग समोरच्या कापसाच्या ढिगाकडे जणू कोणी नवा पाहुणा बसला आहे अशा नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "कुत्न. वाह." त्या दिवसापासून आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला गादीच्या भावाबरोबर एक शब्द फुकट मिळायला लागला.

अम्मीला मात्र यातलं काही आवडत नव्हतं. माझी मोठी बहीण नसीमचं लग्न नववीनंतर झालं होतं, आणि आता मूर्तिजापूरहून माझ्यासाठी विचारणा आली होती. मुलाचं सायकलदुरुस्तीचं दुकान, माणसं चांगली. वार्षिक परीक्षा झाली की ते पाहायला येणार होते. अम्मी तव्यावर रोटी टाकता टाकता म्हणायची, "नौवी बहुत हो गई. अंग्रेजी पढ़ के भी गद्दी पे टांके ही डालना है ना?" अब्बा होही म्हणायचे नाहीत नि नाहीही म्हणायचे नाहीत. मी रोज रात्री दुआ मागायचे की मूर्तिजापूरची गाडीच बंद पडू दे.

अशात सरांनी बातमी आणली. अमरावतीच्या एका कॉलेजात शाळांसाठी इंग्रजी शब्दांची स्पर्धा होती. अर्थ, यमक आणि शब्दाचं मूळ अशा तीन फेऱ्या. त्यांनी कुंदाचं आणि माझं नाव घातलं. अम्मी म्हणाली, कशाला? अब्बांनी तेवढ्यापुरता तोंडातला टाक्यांचा दोरा काढला आणि म्हणाले, "जाने दे. एक दिन की बात है."

स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला हाफिज चाचा राहायचे. मुलांना अरबी शिकवायचे, दाढी पांढरीशुभ्र, आवाज मऊ. त्यांची जुनी गादी आमच्याकडे भरायला टाकली होती आणि ती झाली का हे बघायला ते आले होते. मी खोळीला दाभणाने टाके घालत बसले होते. मी सहज म्हणाले, "चाचा, गादीला इंग्रजीत मॅट्रेस म्हणतात." त्यांनी तो शब्द तोंडात दोनदा घोळवला. "मॅट्रेस... मतरह... अरे, ये तो मतरह है!" मग त्यांनी मला समजावलं. अरबीत शब्दाच्या पुढे 'म' लागला की बऱ्याचदा जागा तयार होते. सजदा करायची जागा मस्जिद. दर्स, म्हणजे धडा, घ्यायची जागा मदरसा. तसंच 'तरह' म्हणजे टाकणं, फेकणं. मतरह म्हणजे जिथे काही टाकलं जातं ती जागा. अब्बांनी ठोकळा मांडीवर आपटला. "बराबर! आपून भी तो यही बोलते. पाहुना आला, गादी टाक!"

मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं तर ते म्हणाले, "एम ना? माह्या हद्दीभाईर." पण डोळे चमकले होते त्यांचे.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही तिघं एसटीत बसलो. अम्मीने जाड रोट्या आणि मिरचीत परतलेली अंडी बांधून दिली होती, कुंदाकडे भाकर आणि शेंगदाण्याची चटणी होती, आणि बोरगाव मंजू यायच्या आतच आम्ही अर्धं संपवलं. पूर्ण रस्ता यमकांचा जप चालू होता. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तसा मी ओढणी ओढून तोंडावर घेतली. "काहून लपून राहिली?" कुंदा. मी म्हटलं, "इथे माझी सासू भजी घ्यायला आली तर?" ती इतकी हसली की कंडक्टरने मागे वळून पाहिलं. सरांनी सगळं ऐकलं होतं. ते हसले नाहीत. खिडकीबाहेर पाहत बसले.

कॉलेजचं सभागृह मोठं होतं, वर पंखे आणि खाली लाकडी खुर्च्या. आमच्या समोर अमरावतीच्या इंग्रजी शाळेतल्या दोन मुली होत्या, टाय लावलेल्या. त्या एकमेकींशीसुद्धा इंग्रजीत बोलत होत्या. अर्थाच्या फेरीत आम्ही बरोबरीने राहिलो. यमकांत कुंदाने कमाल केली. 'जरी'च्या अर्थाचं 'दो' आलं तिने 'गो' टाकलं, 'कम' आलं तिने 'ड्रम' वाजवला. आणि मग माझ्या वाट्याला आला 'वर्ड'. शब्द या शब्दाचंच यमक! मी छाती पुढे काढून म्हटलं, "लॉर्ड." समोरच्या मुलीने हळूच 'बर्ड' म्हणून तो गुण नेला. आज हे लिहितानाही मला कपाळावर हात मारावासा वाटतो.

मुळाच्या फेरीत मी सावरले. विंडो सांगितलं, ऑरेंज सांगितलं. परीक्षक म्हणून एक वयस्क प्राध्यापक होते, जाड चष्मा, कोट. त्यांच्या हातात टाइप केलेली यादी होती. त्यांनी माझ्याकडे पाहून शेवटचा शब्द वाचला: "मॅट्रेस."

माझ्या कानात एकदम पिंजण वाजायला लागलं. मी ओरडूनच उत्तर दिलं, घरात देते तसं. "अरबी! मतरह!"

"चूक," प्राध्यापक म्हणाले. "मॅट म्हणजे चटई. मॅटपासून मॅट्रेस. बसा."

कुंदाने माझी ओढणी ओढली. मी बसले नाही. का बसले नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण आयुष्यात मी पहिल्यांदाच एखादी गोष्ट पक्की जाणत होते. "नाई सर. मतरह हाय ते. तरह म्हंजे टाकनं. आमी बी म्हनतो ना, गादी टाक!"

माझ्या तोंडून सगळी वऱ्हाडी बाहेर पडली आणि सभागृह हसलं. मागच्या रांगेतून कोणीतरी पोरगा मोठ्याने म्हणाला, "हिच्या बापाचं गादीचं दुकान आहे वाटतं!"

"हो, हाय," मी मागे वळून म्हटलं. "अकोल्याले. ताजनापेठेत."

हसणं बंद झालं. प्राध्यापकांनी चष्मा वर केला आणि आमच्या सरांकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

वानखडे सर उभे राहिले. हो म्हणाले असते तर कोणाला कळणार होतं? ते म्हणाले, "नाही सर. माझ्या शब्दकोशात एमची पानंच नाहीत. मला हा शब्द माहीत नाही. पण मुलगी एवढी ठामपणे सांगते, तर पाहून घ्यावं. तुमच्या ग्रंथालयात मोठा कोश आहे. मी दोनदा बघायला आलो होतो. बाहेरच्या माणसाला देत नाहीत म्हणाले."

मग प्राध्यापकांनी शिपायाला बोलावलं. शिपाई गेला आणि परत आला: ग्रंथपाल जेवायला गेले आहेत, किल्ली त्यांच्याकडे आहे. "घरून घेऊन या," प्राध्यापक म्हणाले. आम्ही वाट पाहत बसलो. कुंदाने माझा हात इतका दाबला की तिच्या बांगड्यांचे वण उठले. माझ्या मनात काय काय येऊन गेलं! हाफिज चाचा चुकले असतील तर? त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. आणि मी सगळ्या अमरावतीसमोर सरांना उभं केलं.

शेवटी शिपाई एक ग्रंथ दोन्ही हातांत घेऊन आला. प्राध्यापकांनी पानं उलटली, बोट खाली खाली नेलं, थांबले. पुन्हा वरून वाचलं. मग उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश मराठीत सांगितलं: "फ्रेंचमध्ये इटालियनमधून. इटालियनमध्ये अरबीतून. मतरह. वस्तू टाकायची जागा." आणि यादीवरची ओळ त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडली. "माझी यादी चुकली. हिचं बरोबर आहे. बेटा, तुला कोणी सांगितलं?"

"हाफिज चाचांनी. त्यांची गादी आमच्याकडे भरायला टाकली होती."

पुन्हा सभागृह हसलं, पण या वेळी टाळ्या वाजवत. समोरच्या टायवाल्या मुलीसुद्धा वाजवत होत्या. कुंदा तर खुर्चीवर उभीच राहिली. आम्ही दुसऱ्या आलो, त्या एका 'लॉर्ड'पायी. पण मला विचाराल तर दुसरा नंबर एवढ्या आनंदाने कोणी घेतला नसेल. प्राध्यापक आमच्या सरांना हाताला धरून वर ग्रंथालयात घेऊन गेले आणि ग्रंथपालांना म्हणाले, "हे केव्हाही येतील, यांना कोश काढून देत जा." सर तिथे असे बसले की आमची पहिली गाडी चुकली आणि दुसरीही चुकता चुकता राहिली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सर दारापर्यंत आले. अब्बांनी एकच विचारलं, "मतरह?" मी म्हटलं, "बराबर." अब्बांनी पायात चप्पल घातली आणि थेट हाफिज चाचांच्या घराकडे निघाले, गल्लीभर त्यांचा आवाज येत होता. सर अम्मीला म्हणाले, "ताई, मी काही सांगायचा अधिकारी नाही. पण ह्या पोरीले पुढे शिकू द्या." अम्मीने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि चहा ठेवला.

सर गेल्यावर मी चुलीपाशी बसून सगळं पुन्हा सांगितलं. अम्मी कणीक मळत ऐकत होती. मग मान वर न करता म्हणाली, "सब तेरे अब्बा के काम के लफ्ज हैं. कॉटन, मॅट्रेस. मेरा कोई नहीं?" तिने विचारलं, बेटीला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, डॉटर. तिचे हात परातीत थांबले. "डॉटर... दुख्तर?" अम्मीला उर्दू वाचता यायचं, आणि नसीमच्या लग्नाच्या कार्डावर छापलं होतं, 'दुख्तर-ए-नेक-अख्तर', म्हणजे सुदैवी लेक. मी चुलीपासून उडालेच! पाटी ओढली आणि तिच्यासमोर इंग्रजीत हिज्जे लिहिले, एकेक अक्षर म्हणत. अम्मी बारकाईने बघत होती. "ये बीच में जी और एच काय को?" मी म्हटलं, ते बोलायचं नसतं. "तो लिखा काय को?" चार वर्षं मीही हेच विचारत होते. अम्मीने पिठाचं बोट त्या दोन अक्षरांवर ठेवलं. "ये 'ख' होगा. दुख्तर का 'ख'. पहले बोलते होंगे, बाद में छोड़ दिया."

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधीच सरांना गाठलं. डीची पानं शाबूत होती. सरांनी वाचलं आणि खाली बसले. संस्कृत दुहिता, फारसी दुख्तर, इंग्रजी डॉटर, तिन्ही एकाच घरच्या. आणि मधलं जीएच खरंच पूर्वी घशातून उच्चारलं जायचं. "कोनी सांगितलं तुले हे?" मी म्हटलं, अम्मीने. सरांनी कोश हळूच मिटला. मग म्हणाले, "त्यायले माझा नमस्कार सांग."

मी मधल्या सुट्टीत पळत जाऊन नमस्कार सांगितला. अम्मी रोटी लाटत होती. चेहरा लाल झाला, तो चुलीमुळे की कशामुळे कोण जाणे. तिने पुढच्या खोलीकडे तोंड करून, पिंजणाच्या आवाजावरून, अब्बांना हाक मारली: "सुनो जी! मूर्तिजापूरवालों को बोल दो, लड़की दसवीं करेगी. रुकते तो रुको."

मूर्तिजापूरवाले थांबले नाहीत. पुढच्या वर्षी इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी अम्मी नव्याने शिकलेल्या एबीसीडीच्या बळावर माझे हिज्जे घ्यायला बसली. पुस्तक तिने उर्दूसारखं शेवटच्या पानापासून उघडलं होतं, आणि तिथूनच आम्ही सुरुवात केली.